तंटामुक्त ब्लूज

“अमरावतीच्या माणसाच्या रक्तात ब्लूज भिनवल्याशिवाय मी डोक्याला कात्री लावू देणार नाही!”

अशी प्रतिज्ञा अनुपने दिवाळीच्या पाडव्याला, हातात अर्धी चकली धरून केली. त्याच्या बायकोने, पायलने, ती शांतपणे ऐकली आणि उरलेली अर्धी चकली आपल्या तोंडात टाकली.

अनुप नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर ताग्यांमधले सुटलेले धागे शोधायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गिटारच्या तारा छेडायच्या, हे त्याचं आयुष्य. बंगळुरात नोकरीला असताना त्याला ब्लूज लागला. एखाद्याला मलेरिया लागावा तसा! गोळ्या घेऊनही दर हिवाळ्यात उलटणारा. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांनी आपलं दुःख गिटारीवर सांगायला सुरुवात केली, त्याचं हे गाणं झालं, हे तो भेटेल त्याला सांगायचा. दूधवाल्यालाही. दूधवाला म्हणायचा, “अर्धा लिटर का एक लिटर?”

तर अनुपने ‘हिवाळी बैठक’ सुरू केली. दिवाळी ते होळी, महिन्यातून एक रविवार, कधी लोकगीतं, कधी ब्लूज. माइक नाही, स्पीकर नाही. फक्त लाकूड, तार आणि गळा!

“आणि ऐकनारे?” पायलने विचारलं.

“ते येतीन ना!”

पहिल्या बैठकीला घरचे धरून पंचवीसेक माणसं आली. दुसरीला घरचे धरून दहा-बारा. तिसरीला फक्त घरचे. त्यातही पायल मधूनच भाजीला फोडणी द्यायला उठली.

त्या रात्री तिने ताटं वाढता वाढता निकाल दिला. “आता एकच. चौथ्या बैठकीले लोक शेवटपर्यंत बसले, तर पुढच्या वर्षी खुशाल कर. मधातून उठून गेले, तर गिटार माळ्यावर आन् संध्याकाय लेकराच्या अभ्यासाले!”

अनुपचा घास हातातच राहिला. मुलगा तिसरीत होता आणि गणितात बापावर गेला होता. गिटार माळ्यावर म्हणजे जन्मठेपच! अनुपचा या बैठकांत जीव अडकला होता, हे खोटं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कापडातले दोष काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी एक तरी गोष्ट अशी हवी असते, की जिच्यातला दोष त्याला स्वतःला दिसत नाही.

मदतीला धावून आले सासरे. शेषरावजी बाळापूरजवळच्या आपल्या गावात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडण असो, सासू-सुनेचं असो, कोणाच्या बकरीने कोणाची तूर खाल्लेली असो, शेषरावजींनी दोघांना समोरासमोर बसवलं की प्रकरण मिटलंच. पोलीस ठाण्याला त्यांच्या गावचा रस्ता आठवेनासा झाला होता.

“जवाईबापू, मान्साइची चिंता सोडा!” ते फोनवर गरजले. “आमच्या वावरात हुरडा ठेवतो. सारं गाव येते. बायामान्सं बी येतात. तुमी फक्त गानारा आना!”

“पण मामाजी, माइक लावायचा नाही.”

 पलीकडचा आवाज एकदम खाली आला. “कोनी गेलं का?”

“नाही हो! हे गाणंच तसं असतं. बिनमाइकचं.”

“अस्सं,” शेषरावजी म्हणाले. पण त्यांना ते पटलं नसावं. त्यांच्या गावात बारशाला लाउडस्पीकर, पंगतीला लाउडस्पीकर, ग्रामपंचायतीचा नळ येणार नसला तरी लाउडस्पीकर. भोंग्याशिवाय माणसं जमायची ती फक्त एकाच प्रसंगी. त्यामुळे निरोप गेला तोच असा: “रविवारी अध्यक्षाच्या वावरात या. जवाई येऊन राह्यले. भोंगा नाई. जपून बोलजा.” त्यात अनुपचे मानेपर्यंत वाढलेले केस गावाने गेल्या खेपेला पाहिलेच होते. नवस असेल नाही तर दुःख, दोन्हींपैकी एक काहीतरी होतं!

गाणारा मात्र अनुपने खरोखर चांगला आणला. नितेश मूळचा मोर्शीचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला, आता पुण्यात राहून इंग्रजीत ब्लूज गाणारा. गाणी स्वतःच लिहायचा. गळा असा, की ऐकणाऱ्याला आपलं कोणीतरी हरवल्यासारखं वाटावं. आणि चेहरा जन्मजात पडलेला! लग्नाच्या फोटोतही तो नवरीकडचा कोणी दुखावलेला पाहुणा वाटतो, असं त्याची बायको प्रणालीच म्हणायची. प्रणालीचं माहेर अकोल्याचं. भाच्याच्या बारशासाठी ती दोन दिवस आधी तिथे गेली होती. नितेश तिला तिथे पोहोचवून इकडे आला होता.

रविवारी सकाळी वावरात सतरंज्या पसरल्या. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजली जात होती, सासूबाई मैनाबाई गरम हुरडा चोळून द्रोणांत घालत होत्या, आणि सतरंजीवर पाहावं तर गावच्या गाव! एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. अनुपला भरून आलं. त्याने पायलकडे पाहिलं. पायलने हुरडा खाता खाता एकच बोट वर केलं. शेवटपर्यंत!

इंग्रजी गाणं लोकांना कसं कळणार, याची तजवीज अनुपने केली होती. प्रत्येक गाण्याआधी तो स्वतः अर्थ सांगणार होता. तोही असा रसाळ की बस! रात्रभर आरशासमोर तालीम झाली होती. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि नितेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

“मंडळी! हे नितेशभाऊ. हे म्हणतात, मी पहाटे उठलो. पाहतो तर चूल थंड! दारात तिची चप्पल नाही! खुंटीवर तिची साडी नाही! ती मला सोडून निघून गेली हो, निघून गेली!”

सतरंजीवरची कुजबुज थांबली. नितेशने डोळे मिटले आणि गायला लागला. काय गायला! तार रडत होती, गळा रडत होता, बांधावरची बाभूळसुद्धा स्तब्ध झाली होती. गाणं संपलं. अनुपने टाळ्यांसाठी कान टवकारले.

एकही टाळी नाही.

पुरुषांच्या बाजूने एकाने डोक्यावरची टोपी काढली. बायांच्या बाजूने पार्वताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पार्वताबाई गावातल्या सगळ्यात जुन्या जाणत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला की बाकीच्यांना लावावाच लागे.

“लोकांना आवडलं नाही वाटतं,” नितेश हळूच म्हणाला.

“अरे, भारावलेत!” अनुप कुजबुजला. “अजून दर्दभरं होऊ दे!”

आता तुम्हीच सांगा, माणूस आपल्यासमोर बसून बायको गेली म्हणून रडतोय, आणि आपण टाळ्या वाजवायच्या? वऱ्हाडातला माणूस फटकळ असेल, पण निर्दय नाही!

दुसऱ्या गाण्याचा अर्थ अनुपने आणखी रंगवून सांगितला. आगगाडी तिला घेऊन गेली, फलाटावर मी एकटाच उरलो, कुत्र्यानेही माझ्याकडे पाठ फिरवली. बायांतून कोणीतरी “माय वं!” म्हणालं. तिसरं गाणं दारूचं होतं. “हे म्हणतात,” अनुपने हात हवेत पसरले, “आता ही बाटलीच माझी बायको!”

एवढं ऐकलं आणि शेषरावजी उठून उभे राहिले.

“थांबा,” ते म्हणाले. “चाय घेऊ.”

चहाच्या निमित्ताने त्यांनी नितेशला शेजारी बसवून घेतलं. पंचवीस वर्षं लोकांची भांडणं मिटवलेला माणूस तो. एकदम विषयाला हात घालत नाही.

“गाव कोनतं म्हनले?”

“मोर्शी.”

“सूनबाई सध्या कुठी हायेत?”

“माहेरी,” नितेशने खरं ते सांगितलं. “अकोल्याला.”

शेषरावजींनी बाजूच्या नत्थुजींकडे अर्थपूर्ण पाहिलं. नत्थुजी समितीचे सदस्य, अध्यक्षांच्या सावलीसारखे.

“तुमी आनाले नाई गेले?”

“नाही. येईल ना तिची ती.”

“भांडन झालतं?”

नितेश कसनुसं हसला. निघताना गिटार गाडीत ठेवायला जागा हवी म्हणून त्याने प्रणालीची एक बॅग मागे ठेवली होती, त्यावरून थोडं वाजलं होतं. “तसं थोडं झालं... माझ्या गिटारवरूनच झालं.”

नत्थुजींनी कपाळावर हात मारला. “आन् मंग हे पिनं सुरू झालं!”

“पिणं? मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.”

“सारेच असं म्हनतात, बाप्पा,” शेषरावजी त्याच्या पाठीवर हात फिरवत मायेने म्हणाले. “सासऱ्याचं नाव काय?”

नितेशने नाव सांगितलं: शालिकराम. आणि इथेच घात झाला! वऱ्हाडात कोणाचंही नाव उच्चारा, समोरच्याच्या आत्याचा दीर तरी त्याच्या ओळखीचा निघतोच. नत्थुजींच्या साडूच्या शेजारी शालिकराम राहत होते. पाच मिनिटांत नंबर आला. नत्थुजी बाभळीमागे गेले आणि फोनवर अशा खालच्या आवाजात बोलले, की बाभळीपलीकडच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

“तुमच्या जवायाची हालत पायवत नाई, भाऊ. भरल्या वावरात रडून राह्यला. पोरीले घेऊन तातडीनं या. नाई नाई, जिता हाये. पन या!”

अनुप तेव्हा कुठे होता? तो पायलला सांगत होता, “पाहिलं? एक मानूस हालला नाही! यालेच म्हनतात ब्लूजची ताकद!”

“लोक असे काऊन पाहून राह्यले त्याच्याकडे?” पायलने विचारलं.

“तल्लीन झाले!”

चौथं आणि पाचवं गाणं झालं. तोवर नितेशच्या पुढ्यात तीन द्रोण हुरडा, दह्याची वाटी, गुळाचा खडा आणि कोणी घरून आणलेला तिळाचा लाडू जमा झाला होता. दुःखी माणसाने खाल्लं पाहिजे! एक आजोबा येऊन कानात सांगून गेले, “माह्यी बी गेलती. तीन मयन्यात आली. घोर नको करू.” नितेश गोंधळून आणखीनच पडेल दिसायला लागला.

तेवढ्यात धुऱ्यावर धुराळा उडवत एक मोटार थांबली. आतून शालिकराम उतरले, आणि त्यांच्यामागे बारशाची पैठणी नेसलेली प्रणाली, एका हातात बाळाचं झबलं तसंच धरून!

“काय झालं? कुठे लागलं?” ती धावतच आली.

नितेश उठला. “मला? काहीच नाही. तू इथे कशी?”

“तू भरल्या वावरात रडतोयस म्हणून फोन आला!”

“अगं, मी गात होतो!”

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. सगळे हसले असते, शालिकरामांनी हुरडा खाल्ला असता. पण अनुपच्या अंगात दुभाषी संचारला होता. “बसा वहिनी, बसा,” तो उत्साहाने म्हणाला. “गाण्याचा अर्थ असा, की बायको यांना सोडून गेली—”

“कोणती बायको?”

“म्हणजे... एकंदर. दुसऱ्या गाण्यात ती आगगाडीने जाते. तिसऱ्यात हे म्हणतात बाटलीच माझी बायको. चौथ्यात ती कशी थंड काळजाची आहे ते येतं. आणि पाचव्यात—”

“बस झालं रे!” नितेश ओरडला.

पण प्रणालीला आता पाचवं ऐकायचं होतं. पाचव्यात तो म्हणतो, तू गेल्यापासून घरात किती शांत वाटतं.

प्रणालीने झबलं पिशवीत ठेवलं. पदर खोचला. “पाच वर्षं!” ती म्हणाली. “पाच वर्षं मी याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसते! ते इंग्रजी शब्द मला कुठे उमजायचे, मी आपली सुरांकडे लक्ष द्यायची. मधे मधे तेवढं ‘डार्लिंग’ ऐकू यायचं, मला वाटायचं माझं कौतुक चाललंय! मैत्रिणींना सांगायची, माझ्यावर गाणी लिहितो म्हणून!”

“अगं, ब्लूजमध्ये बायको जावीच लागते,” नितेश काकुळतीला आला. “तशी पद्धतच आहे!”

“मग जाते! बाबा, चला!”

आणि बघा, जे नव्हतं ते झालं! सकाळपर्यंत सुखात असलेल्या जोडप्याचं, अनुपच्या रसाळ निवेदनाने, सातासमुद्रापलीकडच्या दुःखापायी खरंखुरं भांडण जुंपलं. अनुपला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. वावर काळ्या मातीचं होतं, भेगाही होत्या. पण त्याच्या मापाची एकही नव्हती.

शेषरावजींच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. प्रकरण समोर आलं होतं, दोन्ही पक्ष हजर होते, साक्षीला गाव होतं. त्यांनी प्रणालीला “बस माय” म्हणून मैनाबाईंच्या शेजारी बसवलं, नितेशला समोर बसवलं आणि दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग निर्णय दिला.

“हे पाहा. पोरगा वाईट नाई. पोरगी बी वाईट नाई. वाईट हाये ते गानं. तवा आजपासून ‘बायको सोडून गेली’ हे गानं बंद! कबूल?”

“कबूल,” प्रणाली म्हणाली.

“पण मग मी गाऊ काय?” नितेशने विचारलं. “माझ्याकडे दुसरं गाणंच नाही!”

गाणं नाही म्हणजे बैठक मोडली! माणसं आता घरी जाणार आणि गिटार माळ्यावर! अनुप कळवळून म्हणाला, “मामाजी, दुःखाशिवाय ब्लूज होत नाही हो!”

शेषरावजींनी विचार केला. जावयाची बाजूही पाहायला हवी होती. “मंग दुसऱ्याचं दुःख गावं त्यानं. आपल्या मान्साइत दुःख का कमी हाये?” ते पुरुषांकडे वळले. “ज्याले ज्याले बायकोचा तरास असंन, त्यानं हात वर करा!”

पुरुषांनी एकदा बायांच्या बाजूला पाहिलं. बाया त्यांच्याकडेच पाहत होत्या. एकही हात वर झाला नाही. एकाला खाजवायचं होतं, त्याने तेही राहू दिलं. शेषरावजींनी आशेने अनुपकडे पाहिलं. पायलही पाहत होती.

“मले?” अनुप म्हणाला. “छे! मी तर एकदम सुखी!”

तेव्हा बायांच्या बाजूने एक हात वर झाला. बांगड्या खळखळल्या. पार्वताबाई!

“मले हाये तरास,” त्या म्हणाल्या. “नवऱ्याचा. चालंन का?”

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी सूर धरलाही. जात्यावर बसल्यासारखा, सरळ, खणखणीत.

“पयल्या कोंबड्याले उठून, चूल मी पेटवते,
चहा नाकापाशी नेते, तवा धनी डोये उघडते!”

पहिली ओळ त्यांनी म्हटली की बाया ती पुन्हा म्हणत, आणि मग पार्वताबाई दुसरी ओळ अशी फेकत, की पुरुषांच्या बाजूला नेमका एक माणूस खाली पाहायला लागे. नितेशचे कान उभे राहिले. एक ओळ दोनदा आणि मग तिचं उत्तर! त्याने गिटार ओढली, दोन सूर चाचपले आणि पार्वताबाईंच्या मागे चालू लागला.

“अनुप, अरे हाच तर ब्लूज!” तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा हसरा दिसत होता. प्रणालीलाही तो दिसला. तिने रुसवा सोडला नाही, पण पुढे सरकून तिनेही एक ओळ जोडली: गिटारीला गाडीत जागा आणि बायकोच्या बॅगेला नाही, अशी काहीतरी. नितेशने ती निमूटपणे साथ करून वाजवली. शालिकराम हुरड्याकडे वळले.

आणि टाळ्या! आता मात्र टाळ्या थांबेनात. इतका वेळ आवरून धरलेल्या सगळ्याच्या सगळ्या टाळ्या बायांनी वाजवून घेतल्या. पुरुषांमधून कोणी उठून जाईना, कारण जो पहिला उठेल त्याच्यावरच पुढची ओळ पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. एकाने बैल सोडायचं निमित्त काढून पाहिलं. लगेच बैलावरच एक ओवी झाली, आणि त्यातला बैल चार पायांचा नव्हता! तो पुन्हा बसला.

अनुप हिशोब करत होता. कोणी उठलं नाही! शेवटपर्यंत बसले! जिंकलो! विजयी मुद्रेने त्याने पायलला शोधलं. पायल जागेवर नव्हती. ती पार्वताबाईंच्या शेजारी, सगळ्यांसमोर उभी होती.

“नवरा माह्या हौशी बाई, गिटार घेते मांडीवर,
गॅस संपला म्हनलं तर, बोट फिरवते तारेवर!”

वावर टाळ्यांनी दणाणलं. बाया म्हणाल्या, “अजून एकडाव!” नितेश म्हणाला, “वा!” कोणीतरी पुढच्या महिन्याची बैठक आमच्या गावात ठेवा म्हणून पायलकडेच तारीख मागायला लागलं, तिने ती दिलीसुद्धा. हिवाळी बैठक वाचली होती, चांगली जोरात वाचली होती. फक्त ती आता अनुपची राहिली नव्हती.

तो सरकत सरकत सासऱ्यांच्या शेजारी गेला.

“मामाजी,” तो पडेल आवाजात म्हणाला, “तुम्ही अध्यक्ष आहात. माझा एक तंटा घेता का?”

शेषरावजी मान खाली घालून सतरंजीची दशी उकलत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“चूप बसा, जवाईबापू,” ते ओठ न हलवता म्हणाले. “तुमच्या सासूबाई उठून राह्यल्या.”